अंगणातली गाडी

कल्याणनं अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, पुढं दोन, मागं तीन, आणि सगळ्या घराला हाक मारली. तीर्थपुरीत बी-बियाण्यांचं दुकान चालवणारा हा माणूस. नवं वाण आलं की आधी मूठभर पेरून उगवण बघायची आणि मगच गोणीला हात घालायचा, ही त्याची रीत. गाडीही तो तशीच घेणार होता. परवडणारी, गॅसवर चालणारी, सगळ्या घराला पुरणारी... आणि घर तिच्यात मावतं की नाही, हे त्याला शोरूमच्या आधी अंगणात बघायचं होतं.

पोरांना तर खेळच मिळाला. थोरल्यानं मागची कडेची खुर्ची पकडून तोंडानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. नंदाबाई, कल्याणची आई, काठी टेकत आल्या, पुढच्या खुर्चीत बसल्या आणि दुखरा पाय लांब केला. वंदना, कल्याणची बायको, धाकटीला घेऊन मागं बसली. मांडीवर मावायचं वय दोन्ही पोरांचं सरलं होतं. कल्याण स्वतः ड्रायव्हरच्या खुर्चीत बसला आणि सगळ्या खुर्च्या भरल्या.

स्वयंपाकघराच्या दारात, पिठानं भरलेले हात तसेच धरून, दैवशाला उभी होती. कल्याणची थोरली बहीण. तिनं खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली. रिकामी एकही नव्हती.

"ताई, तू..." कल्याण मान वळवून म्हणाला.

"मला कशाला धरता रे? मला गाडी लागती, ठाऊक हाय न्हवं तुला." ती हसली आणि भाकरी करपेल म्हणून आत वळली. भाकरी अजून तव्यावर टाकायचीच होती, ही गोष्ट वेगळी!

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. आप्पा, म्हणजे तिचे वडील रामकिसन, तिला घेऊन आले ते कायमचंच. तेव्हा कल्याण पाळण्यातून नुकताच उतरला होता. नंदाबाई शेतात आणि पोर दैवशालाच्या कडेवर, असा तो वाढला. लेकरू नसलेल्या त्या अभागी जिवाची सगळी माया त्या एका भावावर बरसली. पण माया कितीही केली तरी माहेरी परत आलेल्या लेकीला एक भय असतंच. घर आपलं असतं, घरातली जागा मात्र रोज नव्यानं मिळवावी लागते. म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठे आणि सगळ्यांच्या शेवटी जेवे.

आणि गाडी लागण्याचं म्हणाल, तर तिला आयुष्यात कधीही गाडी लागली नव्हती.

ते खोटं तिनं कल्याणसाठीच रचलं होतं. जांब समर्थला रामनवमीला जायला जीप ठरली होती, माणसं झाली जास्त आणि आप्पा म्हणाले, पोराला पुढच्या साली नेऊ. कल्याणनं रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा दैवशालाच खाली उतरली, मळमळतंय म्हणाली आणि कुणाला शंका नको म्हणून बाभळीआड जाऊन खोट्या ओकाऱ्याही काढल्या. तिच्या जागेवर बसून कल्याण टाळ्या वाजवत गेला.

खोटं एकदाच बोलली बिचारी, पण ते घराच्या फार सोयीचं निघालं. वऱ्हाड असो, बारसं असो, जागा कमी पडली की कुणीतरी म्हणायचं, दैवशालाला तर गाडी लागते. म्हशीची धार काढायला, दिवा लावायला घरी माणूसही लागतंच की. पुढं पुढं तिला तोंड उघडायचीही गरज राहिली नाही.

पण आता गोष्ट वेगळी होती. नंदाबाईंच्या गुडघ्याचं जालन्याला ऑपरेशन ठरलं होतं, नंतर व्यायामासाठी सारखं जावं लागणार होतं आणि एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. गाडी लवकर यायला हवी होती, आणि ती येत नव्हती. कल्याण जालन्याला जाई, गाड्या बघे, चालवून बघे आणि तोंड उतरवून परत येई. ही लहान पडते, ती बरोबर नाही... पाच सीटची नको, सात सीटचीही नको! रात्री नंदाबाईंचं कण्हणं ऐकलं की दैवशाला उठून त्यांचा गुडघा शेकत बसे. आपल्याला नेमकं कसलं भय वाटतंय, हे तिला सांगता आलं नसतं, पण प्रत्येक वेळी डोळ्यांपुढं त्या अंगणातल्या खुर्च्या येत.

एका सकाळी मात्र भयाला शब्द मिळाले. वंदना परसात आपल्या भावाशी फोनवर बोलत होती. धुणं वाळत घालता घालता दैवशालाच्या कानावर पडलं.

"ताईपायी अडलंय ना सगळं. ताई नसत्या तर पहिल्याच दिवशी गाडी दारात आली असती."

दैवशालाच्या हातातलं ओलं लुगडं मातीत पडलं. वंदना पुढं काय बोलली ते तिला ऐकूच आलं नाही. राग आला नाही, कारण वंदना खोटं काय बोलत होती? आपण नसतो तर घर पाच माणसांचं, लहानशी, परवडणारी गाडी कधीच आली असती... आपल्या एका जिवापायी आई कण्हत बसली आहे! ज्या घरासाठी आयुष्यभर जागा सोडत आले, त्या घरात आज आपलीच अडचण व्हावी, या विचारानं तिचं अंतःकरण फाटून गेलं.

पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. जांब समर्थला उषाबाई म्हणून तिची लहानपणची मैत्रीण होती, दर्शनाला येणाऱ्यांसाठी खानावळ चालवायची. भाकरी थापणारे हात तिथं कधीही हवेच असत. दैवशालानं धार काढली, दोन वेळचा स्वयंपाक झाकून ठेवला, पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि नंदाबाईंच्या पाया पडली. दर्शनाला जाते, चार दिवस उषाबाईकडं राहीन म्हणाली. नंदाबाईंनी तिच्याकडं बघितलं, ओठ हलवले, पण काही बोलल्या नाहीत. एसटीनं कशी जाशील, तुला तर गाडी लागते, हे त्यांनी विचारलंच नाही. दैवशालाला ते बाहेर पडल्यावर जाणवलं आणि जास्तच लागलं.

एसटीत शेवटच्या बाकावर तिला जागा मिळाली. रस्त्याची चाळण झालेली, प्रत्येक खड्ड्याला बाक हातभर उडत होता. ती खिडकीला डोकं टेकून रडत होती. रडता रडता मागं पळणाऱ्या कपाशीकडं बघत होती आणि एवढ्या दुःखातही तिला वारा गोड लागत होता. गाडीत बसायला तिला लहानपणापासून फार आवडायचं.

जांब समर्थच्या थांब्यावर एसटी थांबली आणि लोक उतरायच्या आतच एक माणूस रेटून वर चढला. घामानं निथळलेला, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. कल्याण! दुकानातून घरी आला, ताई एसटीनं गेली म्हणून कळलं, आणि आडवाटेनं मोटरसायकल पिटाळत तो एसटीच्या आधी पोचला होता. ताई उलट्या करून अर्धमेली झाली असेल, या धास्तीनं त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आधी त्यानं तिला पुढच्या बाकांवर शोधलं. मग त्याची नजर थेट शेवटी गेली.

"ताई..." तो जवळ येऊन तिच्याकडं बघतच राहिला. "शेवटच्या सीटवर बसून आलीस. तुला गाडी लागली न्हाई?"

सवयीनं तिनं पदर तोंडाशी नेला. पण उशीर झाला होता.

"कधीच लागत न्हवती, बाबा," ती खाली मान घालून म्हणाली.

कल्याण तिच्याशेजारी बाकावर बसला. त्याच्या मनात वर्षं उलटी फिरत असावीत, कारण एकेक वऱ्हाड, एकेक बारसं तो पुटपुटत मोजू लागला. मग एका ठिकाणी तो अडखळून थांबला.

"मंग आप्पाच्या अस्थी घेऊन आमी पैठणला गेल्तो... तव्हा बी? तू दारातूनच हात जोडलेस."

"जीपमधी जागा न्हवती रे. आत्याबाई आल्त्या, चुलते आल्ते. कुणाला उतर म्हणावं?"

आणि मग तो एवढा थोराड माणूस, बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून भर एसटीत लहान लेकरासारखा रडला. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून उभा होता. उतरता की तिकीट फाडू, एवढंच त्यानं विचारलं.

खाली उतरल्यावर तिनं त्याच्या हातातलं लिंबू आपल्या मुठीत घेतलं आणि वंदनाचं फोनवरचं बोलणं सांगितलं. कल्याणनं कपाळावर हात मारून घेतला. "तुझ्यापायी अडलं व्हतं, हे खरंच हाय. पाच सीटची घेतली तर तू घरी ऱ्हातीस. सातची घेतली तर आईच्या पायाला पुढची सीट, अन् तू मागं. मागं लई लागती म्हणत्यात लोक. म्हणून प्रत्येक गाडीत मीच मागच्या सीटवर डोळे मिटून बसून बघून राह्यलो. परवा तर मलाच उलटी झाली. तुला घेतल्याबिगर गाडी घ्यायची न्हाई, असं मी वंदनाला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं."

दैवशाला रडता रडता हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. ज्या भावासाठी जागा सोडली होती, तो तिच्या खोट्या दुखण्याला औषध शोधत वणवण फिरत होता... एक शब्द खरा बोलली असती तर!

संध्याकाळी दोघं घरी आली तेव्हा शेजारच्या दोन खुर्च्या आणून कल्याणनं अंगणात पुन्हा गाडी मांडली. सात सीटची. शेवटच्या रांगेत पोरं धावत जाऊन बसली. कल्याणनं वाटेतूनच फोनवर सगळं घरी सांगितलं होतं, वंदनाचे डोळे सुजलेले होते. तिनं काही न बोलता दैवशालाच्या हातातली पिशवी काढून घेतली. दैवशाला मधल्या खुर्चीकडं वळली, तेवढ्यात नंदाबाईंनी पुढच्या खुर्चीवर काठी आपटली.

"हितं बस."

"आई, तुझा पाय..."

"पाय मधल्या सीटवर आडवा टाकीन." म्हातारीनं काठी बाजूला ठेवली. "मला ठाऊक व्हतं गं दैवशाला. बाभळीआड आल्ते मी तव्हा तुझ्या मागं. घरी कुणीतरी पायजे व्हतं, म्हणून गप ऱ्हायले. आज सकाळी बी गपच ऱ्हायले... आता मला लई झालं ते गप ऱ्हाणं."

दैवशालानं आईचे पाय धरले. किती वर्षांचं साठलेलं होतं, दोघींनी ते तिथंच वाहू दिलं. मग ती पुढच्या खुर्चीत बसली, अगदी कडेला, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी. गोठ्यात म्हैस रेकली. ती सवयीनं उठू लागली, पण वंदनानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि चरवी घेऊन स्वतः गोठ्याकडं गेली.

कल्याणनं नसलेली चावी फिरवली.

"बोल ताई. पैल्यांदा कुठं घिऊ गाडी?"

दैवशाला खुर्चीत हळूहळू मागं सरकून बसली. तिच्या मुठीत अजून ते लिंबू होतं.

"पैठणला," ती म्हणाली. "आप्पाला पोचवायचं राह्यलंय माझं."