डोक्यासकट मासा

तोंडवलीच्या किनाऱ्यावर होडी ओढणाऱ्या सिद्धेशला संचिताने बजावून सांगितलं होतं, "मासो अख्खो व्हयो, डोक्यासकट." तो गोड हसला होता... आणि दुसऱ्या सकाळी त्याने तिच्या हातात तांबोसा ठेवला. खवले काढलेला, डोकं चिरून लख्ख धुतलेला.

"आचऱ्याच्या चेडवाक बिनसाफ मासो कसो देवचो?"

संचिताने कपाळाला हात लावला. ती शेजारच्या आचऱ्याची लेक खरी, पण मुंबईच्या प्रयोगशाळेत माशांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यावर संशोधन करत होती. ते पाणी किती तयार व्हायचं, हे पेशींमधली एन्झाइम्स एकमेकांना निरोप देत ठरवतात. मासा मेला की त्या निरोपांच्या खुणा भराभर पुसल्या जातात. हे सगळं, आणि म्हणून मासा जिवंतच हवा हेही, तिने वाळूत बोटाने चित्र काढून त्याला समजावलं.

"म्हणजे निरोपे?" त्याची नजर चित्रावर कमी, तिच्यावर जास्त.

"निरोपेच. आणि तू त्यांका धुवन टाकतंस."

पुढच्या खेपेला तर डोकंच गायब. संतापली की संचिता थेट शुद्ध मराठीवर यायची. "डोकं कुठे आहे?"

"आयेन तेचा सार केल्यान. वायच येवन जेव."

"उद्या माझी गाडी आहे. नमुना मिळाला नाही तर वर्षभराचं काम पाण्यात जाईल. तुला खेळ वाटतो का?"

सिद्धेशचे कान लाल झाले.

सकाळी तो गुडघाभर पाण्यात तिची वाट बघत होता. शेजारी टबात समुद्राचं पाणी, आणि त्यात जिवंत तांबोसा. टब वाळूवर ओढून संचिताने श्वास रोखून काम उरकलं. बारीक सुईने मेंदूभोवतीचं थेंबभर पाणी ओढलं, मेंदूचा कण काढला, दोन्ही कोरड्या बर्फात बंद केलं. मग सुटकेच्या निःश्वासाबरोबर पुन्हा पारा चढला.

"जमत होतं तर आधी का नाही आणलास?"

तो वाळूकडे बघत राहिला. "पयल्यांदा चुकलंय. मगे... साफ करून दिलंय की तू भांडूक परत येतंस. आज तुका व्हया ता गावला. आता कित्याक येतलंस?"

असा राग आला तिला! आणि त्या मेल्या रागातच ती इतकी सुखावली, की तिला स्वतःचीही चीड आली. पेटी उचलून ती चार पावलं गेली, थांबली.

"गाडी दुपारची आसा. आयेक सांग, सार करूक."

"आणि मगे?"

"दिवाळीक येतंय," ती मागे न बघता म्हणाली. "तेव्हा मासो साफ करून ठेव."