बोक्याचा खेळ

चष्मेवाल्याला दोन गोष्टींचा भारी अभिमान. डोळ्यांचा नंबर काढताना तो कधी चुकत नसे, आणि घरातला हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम त्याने कुणाला न विचारता एकट्याने लावला होता. सगळे खेळ डाउनलोड केलेले. खेळांच्या डब्या नाहीत, धूळ नाही, हरवायची भीती नाही. "एकदा विकत घेतलं की जन्मभर आपलं," असं तो बायकोला ऐकवायचा. "आधी चार्जर तरी वर्षभर टिकवा," बायको म्हणायची.

सुट्टीच्या दुपारी पडद्यावर कंपनीची सूचना आली: कुटुंबाचे सदस्य तपासून पाहा. त्याने पाहिलं. तो स्वतः, बायको आणि मुलगी ताई. त्यांच्याखाली पिवळ्या मांजराचं चित्र आणि नाव, 'बोका'.

"हा कोण पाहुणा?"

"मला काय ठाऊक? त्या डबड्याशी तुम्हीच तर बसता," कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली.

ताई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "राहू दे ना, बाबा."

"ओळखतेस का?"

"नाही. पण राहू दे."

चष्मेवाल्याच्या लेखी जे दिसत नाही ते नसतं, बाकी सगळे मनाचे खेळ. कुणीतरी चोरून घुसलं असणार. त्याने 'काढून टाका' दाबलं. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. त्याला खात्री होती.

त्यानंतर ताईचा बागेचा खेळ उघडेना. पडद्यावर अक्षरं आली: हा खेळ 'बोका' या सदस्याच्या मालकीचा आहे. चष्मेवाला चक्रावला. तो खेळ त्याने स्वतः वाढदिवसाची भेट म्हणून घेतला होता, एवढं पक्कं आठवत होतं. पण घेतला होता भर उन्हाळ्यात, आणि ताईचा वाढदिवस तर थंडीत असतो.

तेवढ्यात बॅटरी संपत आली. चार्जर शोधायला तो ताईच्या खोलीत गेला. तिथे एकावर एक असे दोन पलंग होते. ताई वरच्यावर झोपायची. खालच्यावर चादर नीट अंथरलेली होती, आणि उशी मधोमध दबलेली होती. त्याने खण उघडला. चार्जर सापडला आणि त्याच्यासोबत एक छोटा चष्मा.

ताईला चष्मा नव्हता.

त्याने काच खिडकीसमोर धरली. समोरची इमारत आक्रसून लहान झाली. मायनस साडेचार, डावी काच जास्त जाड. काड्यांच्या टोकांना मऊ रबर बसवलेलं, लहान मुलाचे कान सोलवटू नयेत म्हणून. रबर असं तिरपं कापणारा तो एकटाच. काम त्याचंच होतं. चेहरा मात्र काही केल्या आठवेना.

"कोणाचा हा?" त्याने बाहेर येऊन विचारलं.

"त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही," ताई पटकन म्हणाली.

"कोणाला?"

"मी काय म्हणाले?"

तो बायकोकडे वळला. "आपण हिला ताई का म्हणतो?"

"सगळेच म्हणतात."

"एकुलत्या एका मुलीला?"

बायकोचे हात थांबले. हातातला सदरा इवलासा होता. तिने तो छातीशी धरला आणि ती रडू लागली. कशासाठी, ते तिला सांगता येईना.

आधीच विसरलेल्या कुणाला तरी आपण घरातून काढून टाकलं, हे चष्मेवाल्याला कळलं. कुणाला काढलं ते कळलं नाही.

त्याने यंत्र उचललं. 'सदस्य जोडा.' बोका. 'आमंत्रण पाठवा.'

"ये," तो मोठ्याने म्हणाला. "ये रे बाळा."

उत्तर लगेच आलं.

'हा सदस्य दुसऱ्या कुटुंबात आहे.'

मांजराच्या चित्राशेजारी हिरवा ठिपका होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बोका आत्ता बागेत खेळतो आहे. सोबत आई, बाबा, ताई.