कुंपणामागे थांबलेली गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दादाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही हसले होते.

पण हे घडलंय. तेही काळोखात नाही. रविवारी संध्याकाळी, ऊन अजून बागेत असताना, त्याच्या सासूबाईंच्या घरी.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. देवाधर्माच्या बाबतीत काठावर पास. त्याची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती... करंट तोडला की काहीही थांबतं.

त्याच्या सासऱ्यांना एकच व्यसन होतं, आगगाडीचं. बागेभर पितळी रूळ टाकलेले, त्यावर मांजराएवढं इंजिन. रुळांत करंट सोडला की गाडी पळायची. सासरेबुवा बागेच्या टोकाला शेडमध्ये बसायचे, सासूबाई व्हरांड्यात. मधे झुडपांचं दाट कुंपण. काही हवं असलं तर बुवा तोंड उघडत नसत, रिकामा डबा धाडत. गाडी खुर्चीपुढे थांबली की बुवांना काय हवंय ते सासूबाई ओळखायच्या आणि चहा, चष्मा, मफलर डब्यात ठेवून द्यायच्या. उभा संसार मालगाडीवर चालला, आणि भांडणं मात्र एकही नाही. आमच्या घरी अशी सोय असती तर बरं झालं असतं.

बुवा गेले. गाडीही थांबली. रूळ रोज घासले नाहीत तर काळे पडतात, मग करंट चढत नाही. आणि घासायचं खातं पहिल्यापासून सासूबाईंकडेच.

"जावईबापू, तिला चालती करा," त्या म्हणाल्या. "पण माझी कंबर वाचवून हं."

दादाने मागच्या बंद डब्यात बॅटरी बसवली. इंजिनात रेडिओचा रिसीव्हर. हातात रिमोट. रुळांचा काही संबंधच उरला नाही. त्यांना करंट देणारा ट्रान्सफॉर्मर तो आपल्या घरी घेऊन गेला.

चाकांकडून मोटरला जाणाऱ्या जुन्या तारा तेवढ्या न कापता तशाच ठेवल्या. असू देत, पुढेमागे लागतील. काही टाकायचं म्हटलं की आमच्या घराण्याचा हात आखडतो.

रविवारी गाडी सुटली. सासूबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

आणि मग... गाडी खुर्चीपुढे थांबली.

"आई, रिमोटवर काही दाबलंत का?"

"मी कशाला दाबू? तो तुमच्या खिशात आहे की!"

खरंच खिशात होता.

सासूबाई रिकाम्या डब्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. आतून बुवांचा चष्मा आणून डब्यात ठेवला.

गाडी निघाली. कुंपणामागे गेली. खडखड थांबली...

पुन्हा सुरू झाली.

डबा रिकामा परत आला.

"गवतात पडला असेल हो," वहिनी म्हणाली. दोघांनी गवत पिंजून काढलं. चष्मा नाही. तोवर सासूबाईंनी मफलर पाठवला होता. तोही नाही.

दादाने गाडी अडवली आणि बॅटरीच उपटून काढली.

हात सोडला... गाडी चालू लागली.

चाकांच्या तारा! त्या कापल्या कुठे होत्या? म्हणजे करंट रुळांतून येतोय. त्याने रुळांना मीटर लावला. काटा पार वर. तो शेडकडे धावला. रुळांच्या तारांची दोन टोकं भिंतीवर लोंबत होती.

कशालाच जोडलेली नव्हती.

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. सासूबाई कोणाशी तरी बोलत होत्या.

"आता आणखी काय हवंय?"

दादा धावत परत आला, तर गाडी पुन्हा खुर्चीपुढे उभी.

"बरं. येते."

त्यांनी हात डब्याच्या काठावर ठेवला होता. डब्यात काही नव्हतं. तरी चाकं करकरली... जड माल भरल्यासारखी. गाडी रखडत कुंपणाकडे निघाली.

दादाला जे येत होतं ते त्याने केलं. गाडी कुंपणाआड शिरताच दोन्ही बाजूंचे रुळांचे सांधे सोडवले. मधल्या तुकड्याचा करंट तुटला.

खडखड थांबली.

"थांबवली!" तो ओरडला.

"आईकडे बघा," वहिनी म्हणाली. "अहो, आईकडे बघा ना!"

सासूबाई खुर्चीत होत्या. डोळे उघडे. श्वास चालू. हाक मारली तर पापणी हलेना. डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट चांगले आले. घर सताड उघडं, आणि आत कोणी नाही... तसं झालं होतं.

दादाने सांधे परत जोडले. बॅटरी लावली. ट्रान्सफॉर्मरही आणून बसवला. मीटर म्हणतो, सगळीकडे करंट आहे. चाक फिरत नाही. उघडा डबा एका हाताने उचलावा एवढासा. त्याने आणि मी मिळून ढकलला. केसभर हलला नाही.

परवा मी तिथेच होते. सासूबाईंचं एक बोट अचानक खुर्चीच्या हातावर वाजू लागलं.

ठक... ठक...

"आई!" वहिनी त्यांच्याकडे धावली.

दादा मात्र पांढराफटक पडला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतली माणसं दारावर असंच वाजवतात. तो आवाज तो झोपेतही ओळखेल.

तो खुर्चीकडे गेलाच नाही. कुंपणामागे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि रिकाम्या डब्याला तोंड लावून म्हणाला,

"घाबरू नका, आई. काढतो बाहेर."

कसं काढणार, ते त्याला ठाऊक नाही. हल्ली कामावर जात नाही, तिथेच बसून असतो.

ठकठक अजून येते.

पण पूर्वीइतक्या जोरात नाही...