दुसऱ्या पाळीचं ताट

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र शोधतात. ही रात्रीची नाही. सगळं भर दुपारी घडलं, ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर आलेलं असताना. बेळगावच्या वडगाव भागातल्या आमच्या राहत्या घरात. त्या घरात मी आजही राहते.

मी रसायनशास्त्र शिकवते. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. पण जे झालं ते झालं. ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने सांगते.

माझे सासरे तम्मण्णा. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. सासूबाई अंबूबाई. त्यांना मी आत्ती म्हणायचे. दोघांनी सगळं आयुष्य यंत्रमागावर साड्या विणल्या. मागाची खोली घराला लागूनच होती. गेल्या वर्षी आत्ती गेल्या. मग माग विकले आणि नागेंद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्या खोलीचं स्वयंपाकघर केलं. आम्ही दोघंही नोकरीला. भांड्यांना बाई टिकेना. म्हणून डिशवॉशर घेतला.

मधला माग जिथे होता, बरोबर तिथे तो बसवला.

आप्पांना मधुमेह आहे. दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "इंजेक्शन घेतलं की पोटभर जेवलेच पाहिजेत. अर्धपोटी उठले तर साखर एकदम उतरेल. या वयात ते जिवावर बेतू शकतं."

माझं कॉलेज सकाळचं. दुपारी आप्पांना इंजेक्शन देणं आणि जेवायला वाढणं माझ्याकडेच होतं.

सुरुवातीचे काही आठवडे मशीन उत्तम चाललं.

मग एका दुपारी... ते मध्येच थांबलं.

आवाज हळूहळू कमी झाला नाही. पाण्याचा फवारा चालू होता आणि पुढच्या क्षणी काहीच नव्हतं. पाठोपाठ टक् असा आवाज आला आणि मशीनचं दार बोटभर उघडलं. आतून वाफ बाहेर आली.

वीज होती. नळाला पाणी होतं.

मी दार लावलं, बटण दाबलं. मशीन पुन्हा सुरू झालं आणि शेवटपर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आप्पा हसले. "मशीनीला बी सुट्टी पायजे की गं, नीलम. आमच्या मागाला असायची."

मला हसू आलं नाही. आमचं बोअरचं पाणी जड आहे. अशा पाण्यात क्षार साठतात, फवाऱ्याची भोकं बुजतात. मी तळाचा फिल्टर काढून ब्रशने धुतला. फवाऱ्याचे दोन्ही पंखे काढले आणि प्रत्येक भोक टाचणीने मोकळं केलं. पाणी मऊ करणारं मीठ भरलं. सायट्रिक ॲसिड घालून मशीन रिकामंच चालवलं. सांडपाण्याची नळी कुठे मुडपली आहे का, तेही पाहिलं.

रिकामं मशीन न थांबता चाललं.

दुपारी भांडी घातली...

टक्.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. साईराज नावाचा बोलका माणूस, शहापूरचा. रविवारी सकाळी आला, नाश्त्याची भांडी घालून मशीन चालवलं आणि समोर मांडी घालून बसला. मशीन छान चाललं.

"म्याडम, ह्याला काय झालेलं न्हाय. माझ्यापेक्षा धडधाकट हाय."

"मग थांबतं का?"

"माझ्यासमोर थांबाय पायजे की! डाक्टरच्या दारात गेल्यावर पोटात दुखायचं राहतंय बघा, तसलं हाय हे."

तरी त्याने दाराचं लॉक बदललं. वायरी तपासल्या. जाताना म्हणाला, "आता थांबलं तर माझं नाव बदला."

त्याच दुपारी ते थांबलं.

मी प्रयोगशाळेत जे करते तेच घरी केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एके दिवशी कुकर बाहेर ठेवला. मशीन थांबलं. मग वाट्या बाहेर ठेवल्या. थांबलं. माझं ताट बाहेर ठेवलं. थांबलं.

मग आप्पांचं ताट बाहेर ठेवलं.

मशीन शेवटपर्यंत चाललं.

साधं स्टीलचं ताट. काठावर त्यांचं नाव घातलेलं, झिजून पुसट झालेलं. मी ते पुन्हा आत घातलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. फवारा सुरू झाला. थोड्या वेळाने दुसराच आवाज येऊ लागला.

खटक्... खटक्... खटक्...

मला वाटलं, फिरणारा पंखा एखाद्या डावाला लागत असेल. तसं होतं कधीकधी. पण आत डाव नव्हता.

मग शांतता. टक्. दार उघडलं.

आतली सगळी भांडी ओली होती, हात लावला तर चटका बसेल इतकी गरम. आप्पांचं ताट थंड होतं.

आणि कोरडं.

आमटीचा पातळ थर त्यावर तसाच होता. त्या थरातून काठापर्यंत चार ओढलेल्या रेषा होत्या. ताट पुसून खाताना बोटांच्या उमटतात तशा.

मी ते ताट आत घालताना चमच्याने खरवडलं होतं. बोटांनी नाही.

संध्याकाळी नागेंद्रला सांगितलं. तो आधी हसला. मग ताट पाहिलं आणि खुर्चीवर बसला.

"माग चालू असताना दोघांनी एकदम उठायचं नसतं," तो म्हणाला. "धागा तुटला आणि कुणी बघितलं नाही तर साडी वाया जाते. म्हणून आधी आप्पा जेवायचे. ते मागावर गेले की आई यायची आणि त्याच ताटात बसायची. आप्पा तिच्यासाठी अर्धं ठेवायचे. रोज."

"आणि ताट घासायचे कधी?"

"आई उठल्यावर."

मी लग्न होऊन आले तोवर आत्ती संधिवाताने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना मी वाटीत कालवून भरवायचे. एका ताटाची ही पद्धत मी पाहिलीच नव्हती. आणि आता आप्पा उठले की लगेच मी ते ताट उचलून मशीनमध्ये घालत होते.

मी स्वतःला समजावलं, हा योगायोग आहे. लॉक खराब असेल. पण त्या दिवसापासून मी आप्पांच्या जेवणाकडे नीट पाहू लागले आणि मला वेगळीच भीती वाटू लागली.

आप्पा ताटात अर्धं टाकत होते. आधी थोडंच टाकायचे, तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता भाकरीचे दोन तुकडे, भाताचा ढीग, भाजी, सगळं एका बाजूला सारलेलं असायचं. मी जास्त वाढलं की ते जास्त ठेवायचे.

"आप्पा, इंजेक्शन घेतलंय तुम्ही. संपवा सगळं."

"झालं माझं."

"कुठं झालं? अर्धं तसंच आहे."

ते मशीनकडे बघून म्हणाले, "ती जेवाय यायची हाय अजून. मशीन बंद पडलं की येती. पण तू ताट मोकळं करून ठेवतीस गं. तिला काय मिळंना झालंय."



नागेंद्र म्हणाला, आईसाठी वेगळं ताट वाढू. वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, ताक, त्यांना आवडायचं ते सगळं. मशीनशेजारी झाकून ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याला मुंगीसुद्धा लागली नाही.

आणि मशीनमधून खटक् खटक् आवाज येतच राहिला. आता थांबायच्या आधी तो वाढायचा. हातातलं काम उरकून जेवायला येण्याची कुणाला घाई झाल्यासारखा.

एका दुपारी मी आतल्या खोलीत फोनवर बोलत होते. बाहेर आले तर आप्पा ताटासमोर बसलेले. सदरा घामाने भिजलेला. ओठ पांढरे. हात थरथरत होते आणि नजर माझ्यावर ठरत नव्हती. ताटातलं जवळजवळ काहीच खाल्लेलं नव्हतं.

मी बोटातून रक्त घेऊन साखर मोजली. आकडा फारच खाली होता. साखरेचं पाणी केलं, चमच्याचमच्याने पाजलं. ते प्रत्येक चमचा हाताने दूर सारत होते.

"मला नगो... तिला दे. उपाशी हाय ती..."

"आप्पा, प्या! तुम्हाला माझी शपथ हाय, प्या!"

मी त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडले. ते प्यायले. हळूहळू नजर ठिकाणावर आली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "वेळेवर बघितलंत. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

त्यानंतरच्या जेवणाला मी ठरवून बसले. इंजेक्शन दिलं. ताटात दोघांचं वाढलं. आप्पा चार घास खाऊन थांबले.

"आप्पा, पोटभर खा. उरलेलं वाया जाणार नाही. मी बसते या ताटात."

"तू?"

"व्हय, मीच."

"तुझं येगळं ताट असतंय की. तुम्हा शिकलेल्यांत असलं खपत न्हाय."

"खपतंय."

त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. मग खाली मान घालून जेवू लागले. बरोबर अर्धं. कित्येक महिन्यांत इतके जेवले नव्हते. हात धुतले, उठले आणि जाऊन मशीनशेजारी उभे राहिले. एक हात मशीनवर ठेवला. मागावर लक्ष ठेवायला उभं राहावं तसे.

"बस आता," म्हणाले. पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

मी त्यांच्या जागेवर बसले. खरकट्या ताटात हात घातला. पहिला घास घशाखाली उतरेना. मग उतरला. मग घास भराभर उतरू लागले. शेवटी मी बोटांनी ताट पुसून खाल्लं. मी असं कधी खात नाही.

ताट मशीनमध्ये घातलं. बटण दाबलं.

ते शेवटपर्यंत चाललं. आत फक्त पाण्याचा आवाज. ताट ओलं, गरम, लख्ख.

त्यानंतर रोज असंच चाललं. आप्पांची साखर स्थिरावली. गालावर मांस आलं. नागेंद्र म्हणाला, "मनाचं समाधान असतं गं, दुसरं काय." मलाही तेच वाटायचं. एका म्हाताऱ्या माणसाला आपली बायको जेवली असं वाटलं, म्हणून तो जेवू लागला. यात न समजण्यासारखं काही नाही.

फक्त माझ्या साड्यांचे ब्लाउज सैल होऊ लागले.

मी नीट जेवत होते. खरं तर आधीपेक्षा जास्त. तरी वजन उतरत होतं. थायरॉइड तपासलं, साखर तपासली, पोटाची सोनोग्राफी केली. सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही टेन्शन?"

मी नाही म्हटलं.

मागच्या रविवारी मी माहेरी गेले, संकेश्वरला. जायच्या आधी एकच काळजी होती. मी नसले तर आप्पा जेवतील का? नागेंद्रला दहादा बजावलं. आप्पांच्या ताटात तू बस, त्यांना उपाशी उठू देऊ नकोस, मशीन थांबलं तर लगेच फोन कर.

आईने मला बघून डोळ्याला पदर लावला. "काय गं ही दशा? सासरी खायला घालत न्हाईत काय?"

"घालतात गं. तू वाढ."

तिने वाढलं. मी जेवले. तिने पुन्हा वाढलं. मी तेही संपवलं. माझे वडील मारुतीराव पेपर बाजूला ठेवून बघत होते. आई तिसऱ्यांदा भात घेऊन आली, तेव्हा तिचा हात थांबला.

"दोन माणसांचं जेवलीस की गं तू."

तेवढ्यात नागेंद्रचा फोन आला. आवाज खूश होता.

"ऐक, काळजी करू नकोस. आप्पांनी आज सगळं ताट संपवलं. मला बसायची वेळच आली नाही. म्हणाले, आज कुणासाठी ठेवायचं न्हाय. आणि मशीन एकदम मस्त चाललं, कुठेही थांबलं नाही."

"मग... आत्तींचं?"

"ते पण विचारलं मी. हसले. म्हणाले, ती घरात न्हाय आज. नीलमबरोबर गेलीया."

मी फोन ठेवला. आई भाताची पातेली घेऊन तशीच उभी होती.

"आणि वाढू?"

मला नाही म्हणायचं होतं. मला ते नक्की आठवतंय.

"वाढ," मी म्हणाले.

आता आप्पांची तब्येत चांगली आहे. ते स्वतःचं ताट स्वतः संपवतात, माझ्यासाठी काही ठेवत नाहीत. मशीन रोज नीट चालतं. मी महिन्याला फिल्टर धुते, मीठ भरते. साईराज परवा रस्त्यात भेटला, म्हणाला, "बघा, माझं नाव न्हाय बदलावं लागलं."

घरात सगळ्यांना वाटतं, प्रश्न मिटला.

हे मी दुपारी लिहिते आहे. आप्पा आत झोपले आहेत. मी माझं ताट संपवलं, मग नागेंद्रसाठी झाकून ठेवलेलं होतं तेही संपवलं.

आणि मला भूक लागली आहे...