नव्या मालकाचा फर्नेस

यतीनला त्या हिवाळ्यात नऊ हजार सहाशे चाळीस डॉलर वाचवायचे होते. शॉमबर्गचं घर एप्रिलमध्ये विकायला काढायचं आणि नेपरव्हिलला मोठं घ्यायचं, हे ठरलेलं. मग जाता जाता नव्या मालकासाठी तळघरात घर तापवायचा कोरा करकरीत फर्नेस कशाला बसवून ठेवायचा? त्याच पैशांत नव्या घराचं किचन होत होतं, येणाऱ्या बाळाची खोली सजत होती, आणि उरलेल्यात आईचं पुण्याहून येण्याजाण्याचं तिकीट निघत होतं! एका फर्नेसमध्ये इतकी माणसं सुखी होणार होती. फक्त तो घ्यायचा नाही, एवढंच करायचं होतं.

ऑक्टोबरात तपासणीला आलेल्या माणसानं टॉर्चच्या उजेडात आतल्या लोखंडी पेटीला गेलेली चीर दाखवली, गॅसचा कॉक बंद केला, ‘हा आता पेटवू नका’ असं बजावून कागदावर सही घेतली आणि नव्याचा आकडा लिहून दिला. यतीननं त्या आकड्याचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. चार मिनिटांत सात उत्तरं! ‘यार, सगळ्यांना हेच सांगतात.’ ‘माझा बावीस वर्षं चाललाय.’ ‘सेल्सवाले साले!’ या सात तज्ज्ञांपैकी एकानंही ते तळघर पाहिलेलं नव्हतं. फर्नेसवाल्याची गाडी कोपऱ्यावर वळली तसा यतीननं कॉक पुन्हा फिरवला आणि वर येऊन बायकोला, नेत्राला म्हणाला, “फिल्टर बदलून गेला.”

यतीनची आई, शुभाताई, उतरल्या त्या नऊ डिसेंबरला. नेत्राची आई लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाची सगळी भिस्त या सासूवरच! बॅगेत डिंक होता, हळीव होते, आणि दुपट्यांसाठी स्वतःच्या चार जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या. स्वयंपाकघर लावायला घेतलं तेव्हा खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या बॅटऱ्यांशेजारी, त्यांना एक पांढरी गोल डबी सापडली.

“अरे, हे काय?”

“अलार्म आहे, आई. धूर झाला, गॅसबिस झाला की बोंबलतो. गणपतीत आरतीचा कापूर लावला आणि हा सुरू! तीस माणसं टाळ्या थांबवून वर बघत बसली. मग काढूनच टाकला.”

“मग आता लाव ना परत.”

“तुझ्या मिरच्यांच्या फोडणीला फायर ब्रिगेड बोलवायची आहे का? राहू दे तिथेच. तू आलीयेस, आता वेगळा अलार्म कशाला!”

शुभाताई हसल्या. लेकाच्या तोंडून कौतुक ऐकलं की त्यांना पुढचं काही सुचत नसे. त्यांनी ड्रॉवर लोटला, आणि त्या दिवशी मिरच्यांची फोडणी जरा जास्तच तडतडली.

जानेवारीत थंडी अशी पडली की श्वास मिशांवर गोठावा. फर्नेस दिवसरात्र धडधडत होता. नेत्राला सहावा महिना, काम घरूनच. सगळ्यात उबदार म्हणून तिनं आपलं टेबल तळघरात हलवलं होतं. दुपार झाली की तिचं डोकं ठणकायला लागे, पोटात ढवळे.

“सहाव्या महिन्यात कुठे गं मळमळ असते?” शुभाताई सुंठेचा लेप लावता लावता म्हणत.

“मला काय माहीत, आई! पहिलंच तर आहे.”

अंगणात दोन फेऱ्या मारल्या की तिला बरं वाटे आणि खाली जाऊन बसली की पुन्हा डोकं! शुभाताईंनी हे दोनदा पाहिलं... आणि दोन्ही वेळा त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की पोरीला ऑफिसचा कंटाळा आलाय.

एकवीस तारखेला दुपारी त्या आल्याचा चहा घेऊन खाली उतरल्या. नेत्राचं डोकं टेबलावर होतं. हाक मारली, हलवलं... मान लुळी! कप कुठे पडला ते त्यांना कळलं नाही. अडुसष्ट वर्षांची ती बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना एकेक पायरीनं उतरणारी, तिनं आपल्या गरोदर सुनेला काखेत हात घालून चौदा पायऱ्या वर ओढली, दार उघडलं आणि बर्फात बसकण मारून, तिचं डोकं उराशी धरून, मराठीत किंकाळ्या फोडल्या. समोरच्या गोऱ्या बाईला शब्द कळले नाहीत. ॲम्ब्युलन्स मात्र तिनं बोलावली.

नेत्रा वाचली. बाळ नाही.

तळघर विषारी वायूनं भरलं होतं, फर्नेस फुटका होता, आणि घरात एकही अलार्म लावलेला नव्हता! आगीच्या बंबावरच्या माणसांनी हे तीनदा विचारलं, तीनदा लिहून घेतलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये यतीन भिंतीला टेकून खाली बसला आणि लहानपणी काच फोडल्यावर रडायचा तसा हमसून हमसून रडला.

“आई, मला ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं गं... पेटवू नका म्हणाला होता तो... आणि अलार्म, नेत्रानं मला चारदा सांगितलं होतं परत लाव म्हणून. लावला म्हणालो मी!”

“काय बोलतोयस हे!...”

“तिला कळलं तर ती माझ्याजवळ राहणार नाही. एक दिवससुद्धा नाही. आई, मी मरेन गं!”

शुभाताईंनाही तो ड्रॉवर दिसत होता... तो लोटणारा स्वतःचा हात दिसत होता! एक नातू गेला. आता संसारही जायचा? आपण तरी कुठे निर्दोष आहोत? मग आपल्याच पदरात घेतलं तर?... आईच्या मनानं असा हिशेब केला की त्याला पडताळा पाहायची सवय नसते.

संध्याकाळी नेत्रानं डोळे उघडले. पोटावर हात गेला आणि तिला न सांगताच सगळं कळलं. नाकावरचा ऑक्सिजन बाजूला सारून, तिनं एकच विचारलं, “अलार्म का नाही वाजला?”

“मी काढला होता गं बाळा,” शुभाताई म्हणाल्या. “आल्याबरोबरच. माझ्या फोडणीला सारखा कोकलायचा... मला काय ठाऊक, मेला कशासाठी असतो ते!”

यतीन दारात उभा होता. एकच शब्द बोलायचा होता त्यानं... ‘नाही!’ तेवढा एक शब्द. तोही त्यानं वाचवला.

नेत्रानं सासूकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर सोसवला असता. “यांना माझ्यासमोरून न्या,” ती शांतपणे म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

आठवड्याच्या आत शुभाताईंची रवानगी वेस्ट विंडसरला झाली, थोरल्या रवींद्रकडे. विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेपाशी यतीननं आईचा हात घट्ट धरला आणि जन्मात पहिल्यांदा तिला म्हणाला, “थँक्यू, आई.” तो शब्द गालफडात मारल्यासारखा बसला, पण त्या हसल्या, “सांभाळ तिला,” म्हणाल्या आणि बूट काढायला वाकल्या.

वेस्ट विंडसरला त्यांनी फोडणी सोडली. कुणाला सांगून नाही. वरणात नुसतं मीठ आणि हळद पडू लागली. थोरली सून पद्मिनी आठ दिवस गप्प राहिली, नवव्या दिवशी म्हणाली, “आई, आमच्याकडे ऑपरेशन कुणाचं झालंय ते तरी सांगा! पेशंटसारखं जेवतोय सगळे.”

“वय झालं. ठसका लागतो.”

“ठसका तुम्हाला? गेल्या वेळी ठेच्याची बरणी संपवून गेलात!”

रविवारी यतीनचा फोन येई. “सावरतेय ती. कधी कधी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तासन्‌तास रडते.” हे ऐकलं की शुभाताईंचे डोळे भरून येत आणि आत कुठेतरी समाधानाचा एक उबदार थेंब पडे. रडू दे. त्याच्या खांद्यावर रडतेय ना!... माणसाला दुःखाची सवय होते. आपण दुसऱ्यासाठी दुःख सोसतोय, याची तर गोडीच लागते. त्या गोडीवर शुभाताईंनी चार महिने काढले.

मे महिन्याच्या अखेरीला, एका शनिवारी सकाळी, दारात नेत्रा उभी. एकटी. खांद्याला लॅपटॉपची बॅग, गाल आत गेलेले. पद्मिनीनं तिला पाहिलं आणि काही न विचारता रवींद्रला बाजारात पिटाळून स्वतःही त्याच्याबरोबर गेली.

“घराचा सौदा झाला,” नेत्रा उभ्याउभ्याच म्हणाली. “घेणाऱ्याला नव्या फर्नेसची वॉरंटी हवी होती. मी फर्नेसवाल्या कंपनीला म्हटलं, आमच्या पत्त्यावरचे असतील ते सगळे कागद पाठवा. त्यांनी सगळे पाठवले.” तिनं एक कागद टेबलावर ठेवला. “चोवीस ऑक्टोबर. फर्नेस पेटवू नये. घरात अलार्म आढळला नाही, ताबडतोब बसवावा. खाली यतीनची सही... तुम्ही कधी उतरलात, आई?”

शुभाताईंनी त्या सहीवर हात ठेवला. “कागदांचं काय खरं...”

“नऊ डिसेंबर! मी आले होते तुम्हाला घ्यायला. मी!”

शुभाताईंनी कागदावरचा हात काढून घेतला.

“तू त्याला सोडलं असतंस गं,” शुभाताई पुटपुटल्या.

“हो. सोडलं असतं.”

“म्हणून तर...”

“म्हणून तर काय! माझ्यासाठी केलंत? चार महिने मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या. रोज.”

“दे की. मला काय भोकं पडतात?”

“तुमच्यासाठी नव्हत्याच त्या!” नेत्राचा आवाज फाटला. “आणि मी रडले कुणाच्या खांद्यावर, ठाऊक आहे? ज्यानं ते केलं, त्याच्याच! त्यालाच समजावत होते, तुझी चूक नाहीये रे म्हणून... माझं एवढं एक दुःख होतं, आई. तेही तुम्ही दोघांनी मला खरं भोगू दिलं नाहीत!”

शुभाताईंनी टेबलाची कड धरली. चार महिने जिवापाड जपलेलं ते समाधान एका क्षणात आंबलं. देऊन टाकलं म्हणून मिरवत होतो ते आपलं नव्हतंच! मुलाला वाचवायला आपण हात घातला तो सुनेच्या पदरात...

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. या वेळी शब्द खरे होते, म्हणून रडू आलं नाही. “फार चुकलं गं, नेत्रा!”

नेत्रा त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली. मग अगदी खालच्या आवाजात, दुसरं कुणी ऐकेल की काय अशा भीतीनं, तिनं विचारलं,

“नर्सनं बाळाला तुमच्या हातात दिलं होतं ना? मी शुद्धीवर नव्हते... यतीननं पाहिलंच नाही त्याला. नाही बघवणार म्हणाला. तुम्ही एकट्यांनीच पाहिलंत. आणि तुमच्याशी तर मी बोलत नव्हते!... कसा होता हो?”

शुभाताईंचा बांध फुटला. सुनेचं डोकं मांडीवर ओढून घेत, हुंदक्यांतून वाट काढत, त्या सांगू लागल्या... मूठ केवढीशी होती, भुवया कशा रेघ ओढल्यासारख्या, उजव्या कानाची पाळी चिकटलेली, “तुझ्यासारखी गं, अगदी तुझ्यासारखी!” नेत्रा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेत होती. दुपार कलली तरी तिचं पुरं झालं नव्हतं.

“मी नेपरव्हिलला जाणार नाहीये,” उठताना ती म्हणाली. शुभाताईंनी मान हलवली. मुलाची बाजू घेणारं एकही वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही.

जानेवारीच्या थंडीत घाईनं बसवलेल्या फर्नेसचे अकरा हजार दोनशे पडले होते. ‘फर्नेस अगदी नवा’ म्हणून घर घेणाऱ्यानं ते खुशीनं किमतीत मोजले. यतीनच्या खिशातून शेवटी एक डॉलरही गेला नाही. आपण भरलं, असं शुभाताईंना चार महिने वाटत होतं. त्यांनी फक्त बिल पुढे सरकवलं होतं. भरलं ते नेत्रानं. एकदा एकवीस जानेवारीला, आणि मग मेपर्यंत रोज.