मी सांगेपर्यंत हलू नकोस

दिवे गेलेत ते काही आता सकाळपर्यंत येत नाहीत. तेव्हा ती मेणबत्ती जरा इकडे सरकवा आणि फोन बाजूला ठेवा. धाकट्या, तू मघाशी म्हणालास ना, धुकं पडलं की जुन्या रस्त्यावर फोटो काढायला जाणार म्हणून? जा की. मी कोण अडवणारा? तुझी आई सख्खी बहीण असून माझं ऐकत नाही, तू काय ऐकणार! पण जायच्या आधी एक गोष्ट ऐकून जा. ही मी कुठे वाचलेली नाही. माझ्या शेजारच्या दुकानदाराच्या बाबतीत घडलेली आहे आणि शेवटी शेवटी मी तिथे हजर होतो.

माझं छत्र्या नि बॅगा दुरुस्तीचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून चष्म्यांचं. मी त्याला चष्मेवाला म्हणायचो, तो मला छत्रीवाला. पावसाळ्यात माझ्याकडे रांग, उन्हाळ्यात त्याच्याकडे गॉगलसाठी गर्दी. दोघांचं पोट हवेवरच चालायचं म्हणा ना. पण हवेचं खरं वेड त्याला. दिवसभर लोकांना ‘ही ओळ वाचा, आता खालची वाचा’ करायचा आणि दुकान बंद केलं की कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर. लांब कुठे जायचा नाही हं. जुन्या रस्त्याचं ते वळण, तिथला मैलाचा दगड, शेजारी दिव्याचा खांब आणि मागे झाडं. वर्षानुवर्षं तेवढीच जागा. मी एकदा म्हटलं, “अरे, एकच फोटो किती वेळा काढशील?” तर म्हणाला, “जागा एकच आहे रे, हवा रोज नवी असते.” धुक्यात दगड जवळ येतो म्हणे, पाऊस पडून गेला की लांब जातो, आणि पानं झडली की त्याच रस्त्याची रुंदी वाढते. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण त्याने दुकानात लावलेले ते फोटो बघत गिऱ्हाइकं मजेत वाट बघत बसायची.

रात्रीचे फोटो त्याचे जास्त लाडके. अंधारात कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, चांगली चार-पाच मिनिटं. तेवढ्या वेळात जो हलला तो फोटोत येतच नाही. समोरून माणूस चालत गेला, कुत्रं गेलं, तरी फोटोत रस्ता रिकामा. जो जागचा हलत नाही तोच उमटतो. आणि कोणी अर्धा वेळ उभा राहून निघून गेला तर पुसट उमटतो, त्याच्या आरपार मागचं झाड दिसतं. हे नीट ध्यानात ठेवा, पुन्हा विचारू नका.

तर दगडाशेजारी उभं राहायला त्याला माणूस लागायचा आणि तो माणूस म्हणजे त्याची बायको, आमच्या वहिनी. वहिनी भारी बोलक्या. “अहो, लग्नातसुद्धा मला इतकं उभं केलं नव्हतं कोणी,” अशी कुरकुर करायच्या, पण यायच्या. हा स्टँड लावायचा, “मी सांगेपर्यंत हलू नकोस” म्हणायचा आणि वायरचं बटण दाबायचा. मग वहिनी म्हणजे दुसरा दगड. याने “झालं!” म्हटलं की तोंडाचा पट्टा सुरू, तो घर येईपर्यंत. फोटोत त्यांचे डोळे मात्र कधी नीट यायचे नाहीत. पापण्या लवणारच ना माणसाच्या! डोळ्यांच्या जागी नुसती सावली. तो चेष्टेत म्हणायचा, “अख्ख्या गावाच्या डोळ्यांची काळजी मी घेतली, बायकोचे तेवढे राहून गेले.”

डिसेंबरातला दुसरा शनिवार होता. रात्रीचे दहा वाजून गेले होते. धुकं असं की खांबावरचा दिवा म्हणजे नुसता पिवळा डाग. हा खूश. वहिनी शाल लपेटून दगडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. याला त्या धड दिसतही नव्हत्या. याने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि बटण दाबलं. अर्धा वेळ गेला असेल नसेल, धुक्यातून हाक आली, “अहो...”

हा म्हणाला, “हलू नकोस गं. थोडंच राहिलंय.”

मग आवाज नाही. ऐकलं बिचारीने. वेळ संपला, हा म्हणाला, “झालं!” उत्तर नाही. “अगं, झालं म्हटलं ना!” तरी नाही. जाऊन बघतो तर वहिनी दगडाच्या पायाशी पडलेल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तुम्ही धावत गेला असता तरी उपयोग नव्हता. सगळ्यांनी त्याला हेच सांगितलं, मीही सांगितलं. पण ती हाक त्याच्या कानातून जाईना. “तिने हाक मारली आणि मी तिला गप्प केलं रे,” एवढंच बोलायचा. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी.

महिन्याभराने त्याने मला दुकानात बोलावलं आणि त्या रात्रीचा फोटो पुढे ठेवला. दगड, खांब, वहिनी. मी म्हटलं, “चांगला आलाय.”

“चांगला कसा आला?” तो म्हणाला. “ती मधेच पडली ना? पुसट यायला हवी होती. तिच्यातून झाड दिसायला हवं होतं.”

दिसत नव्हतं. वहिनी सबंध उमटल्या होत्या, शालीच्या गोंड्यांसकट. आणि डोळे लख्ख. जसं काही त्या अख्ख्या वेळात पापणी एकदाही लवली नव्हती. मी म्हटलं, “जाळून टाक हा.” तर त्याने खणातून दुसरा काढला. “हा कालचा. मी एकटाच गेलो होतो.”

कालच्या फोटोतही वहिनी होत्या.

मग त्याला दुसरं काही सुचेना. वारा सुटला की हा रस्त्यावर, पानं झडली की रस्त्यावर. साध्या डोळ्यांना तिथे कोणी दिसायचं नाही, आणि फोटोत त्या असायच्याच. उन्हाळ्यात वावटळ आली, शाल धुळीने मातकट झालेली दिसली. पाऊस लागला, केस कपाळाला चिकटले. हा तिथे उभा राहून गळा फाडून ओरडायचा, “झालं! अगं झालं, चल घरी!” ट्रकवाले थांबून बघायचे. आता मला सांगा, मी काय करणार होतो? एका रात्री माझ्याच दुकानातली एक मोठी छत्री उघडून त्याने दगडाला बांधून ठेवली. फोटोत छत्री आली. वहिनी तिच्या शेजारी, भिजत. “तिला मी हलू नकोस म्हणालोय ना,” तो म्हणाला आणि माझ्या काउंटरवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. “अर्धं पाऊल सरकली असती रे, तर कोरडी राहिली असती.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. त्याहून जास्त काही माझ्याच्याने झालं नाही.

पाऊस ओसरला तेव्हाची गोष्ट. तो आला तो एकदम शांत. मला रडण्यापेक्षा त्या शांतपणाचीच धास्ती वाटली. सगळे फोटो त्याने ओळीने मांडले आणि भिंग माझ्या हातात दिलं.

“डोळे बघणं माझा धंदा आहे,” तो म्हणाला. “माणूस जवळचं बघतोय की लांबचं, हे मला बुबुळांवरून कळतं. ती माझ्याकडे बघत नाहीये. एकाही फोटोत नाही. या पहिल्यात माझ्या खांद्यावरून मागे बघतेय, खूप लांब. वावटळीतल्या फोटोत तितकं लांब नाही. पावसातल्यात आणखी अलीकडे. आणि परवाच्या...” त्याने स्वतःच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर, बोट दाखवलं. “परवाच्या फोटोत इथे.”

मी हसायचा प्रयत्न केला. “भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!”

“मी भीत नाहीये,” तो म्हणाला. “मला एवढंच कळलं, की त्या रात्री ती स्वतःसाठी हाक मारत नव्हती.”

मी त्याला शपथा घातल्या. मुलाकडे जाऊन राहा म्हटलं, कॅमेरा विकून टाक म्हटलं. तर माझ्याकडेच बघून विचारतो, “मी गेलो नाही म्हणून ती उभी राहायची थांबणार आहे का? तिला उभं मी केलंय. मी गादीवर झोपायचं आणि तिने तिथे...” यावर काय उत्तर आहे? असेल तर तुम्ही सांगा, मला आजवर सापडलेलं नाही. शेवटी मी म्हटलं, जाशील तेव्हा मला घेऊन जा. पालीला घाबरणारा माणूस मी, पण म्हणून बसलो.

पुन्हा डिसेंबर आला, पुन्हा दुसरा शनिवार. पुन्हा तसंच धुकं.

त्याने स्टँड लावला. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. अगदी खांद्याला खांदा लावून. समोर तो पिवळा डाग, दगड दिसतही नव्हता. त्याने बटण दाबलं. कॅमेऱ्यावरचा बारीक लाल दिवा लागला. या वेळी तो हलू नकोस म्हणाला नाही. अगदी हळू म्हणाला, “अगं, आज बोल. मी ऐकतोय.”

...

झाडांवरून थेंब गळत होते. टप... टप...

मग तेही थांबले.

...

“अहो...”

मी ऐकलं. याच कानांनी ऐकलं. वहिनींचाच आवाज. दगडाकडून.

“काय गं?” तो म्हणाला.

काही नाही.

तो सावकाश मागे वळला. मीही वळलो. धुकं. नुसतं धुकं... मला दुसरं काही दिसलं नाही. त्याला दिसलं. त्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. पुन्हा लावला.

“एवढ्या जवळ?” तो म्हणाला.

आणि खाली बसला. बसला म्हणजे... पाय गेले त्याचे. मी धरला. पेलवेना. हाका मारल्या. कोणाला मारणार? फोन लावला. अँब्युलन्सवाला धुक्यात वळण शोधत राहिला, मला त्याचा हॉर्न ऐकू येत होता. लांबून... मग आणखी लांबून. मी त्याचा हात धरून रस्त्यावर बसलो. हात गार होत गेला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तेवढा चालू होता.

...

तेराव्या-चौदाव्या दिवशी असेल, त्याच्या मुलाने तो शेवटचा फोटो मला आणून दिला. “काका, बाबांच्या कॅमेऱ्यात होता. यात आईसारखं कोणीतरी दिसतंय, पण मला बघवत नाही. तुम्हीच ठेवा.” खरं सांगू? मला मनातून वाटत होतं, यात निदान दोघं शेजारी शेजारी दिसतील. नाही. वहिनी एकट्याच होत्या. तीच शाल. म्हणजे त्यांची सुटका झालेली नाही, आणि सांगणारा होता तो तर गेला. मी एकदा भर दुपारी जाऊन म्हटलंही, “वहिनी, झालं, या आता.” पण माझं कशाला ऐकतील त्या?

फोटो मी टाकला नाही. टाकवला नाही. एवढं मात्र मनात राहिलं, की वहिनी आता कुठे बघताहेत? मी पडलो छत्रीवाला, मला बुबुळांमधलं काय कळणार. म्हणून दुसऱ्या गावच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. कुठला, कोणाचा, काही सांगितलं नाही. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

“या बाई कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत,” ते म्हणाले. “कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला कोणी उभं होतं का?”

मी फोटो माझ्याकडे ओढून घेतला.

“त्या माणसाच्या मागे बघताहेत. अजून पुष्कळ लांब आहे... जे काही आहे ते.”