आजीची परत गेलेली लस

जंतू एकच, घरही एकच. मग केतकीला नुसती सर्दी, आणि आजी काचेच्या खोलीत श्वासासाठी तडफडतेय, असं का? विचार करून केतकीचं डोकं भणभणलं होतं. समुद्रावरच्या त्या तरंगत्या गावात आजाऱ्यांचं सगळं धन्वी नावाचा रोबो पाहायचा. "आशा फार थोडी आहे," असं त्याने सरळ सांगून टाकलं होतं. रोबोला कुठला आडपडदा!

"माझ्यामुळेच झालं ना, आजोबा?"

विश्रामआजोबांची हयात जंतूंच्या अभ्यासात गेलेली. "तुझा काय दोष, बाय? हा न्यूमोकोकस (फुप्फुसांना सूज आणणारा जंतू) पोरांच्या नाकात गुपचूप राहतो. तुझ्या रक्षक पेशी (जंतूंशी लढणारे शरीराचे सूक्ष्म घटक) चपळ आहेत. म्हातारपणी त्याही थकतात. शत्रू ओळखेपर्यंत तो आत घुसलेला असतो."

"मग आधीच ओळख करून द्यायची!"

"लस तेच करते. जंतूच्या वेष्टनाचे तुकडे पेशींना दाखवते. मग आजार झाला, तरी जिवावर बेतणं बहुधा टळतं."

"आजीने का नाही घेतली?"

आजोबांचा चेहरा उतरला. धन्वी लस घेऊन आला, तेव्हा आजी म्हणाली होती, "आधी पोरांना दे." या घरात पहिलं ताट पोरांचं, माशाची मधली तुकडी पोरांची. लसही तशीच वाटतात, असं तिला वाटलं. आणि जंतुशास्त्र कोळून प्यायलेल्या आजोबांनी कौतुकाने हसून स्वतःचीही परत पाठवली! ती लस म्हाताऱ्यांसाठीचीच होती. पोरांची वेगळी, ती केव्हाच टोचून झाली होती. दोघांचा त्याग कुणाच्याच कामी आला नाही.

"मग आता टोचा ना!" केतकी रडत म्हणाली.

"आता उशीर झाला, बाय. पेशींना तयारीला काही आठवडे लागतात."

संध्याकाळी आजी गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर धन्वी आजोबांची लस घेऊन आला. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मला कशाला? जगून काय करू आता?"

केतकीला भयंकर राग आला. "आजी गेली. तुम्हीपण जाणार? मग मी कुणाशी बोलू?"

आजोबांनी तोंड वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि धन्वी सुई टोचत असताना ते लहान मुलासारखे रडले.

"आता शेजारच्या म्हाताऱ्या गुणाबाईंकडे," धन्वी म्हणाला.

"थांब, मी येते. तुला त्याही 'आधी पोरांना दे' असंच म्हणतील," केतकी म्हणाली आणि डोळे पुसत त्याच्यामागे निघाली.